सीताफळाला पट्टा

बिराजदार म्हणाला, मावशी, मुंग्या मारू नका,
आधी त्यांचं दुभतं बघा.
भेंडीचं पान उलटं करून दाखवलं त्यानं:
टाचणीच्या टोकाएवढा हिरवा मावा, दाटीवाटीनं,
आणि त्यावर काळ्या मुंग्या
मिशांनी थोपटत, गोड थेंब काढून घेत.
मी चष्मा पुसून पुन्हा घातला.
माझ्याच वाफ्यात कुणी डेअरी टाकलेली
आणि मला रतीब नाही.

तोवर माझं सगळं करून झालेलं.
राख. हळद. लिंबाच्या साली.
कलावती म्हणाली म्हणून खडूची रेघ,
ती त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळीच ओलांडली.
तंबाखूचं पाणीसुद्धा.
एकतीस वर्षं विड्या वळल्या,
सुपाच्या कोपऱ्यातली भुकटी अजून डब्यात आहे.
रात्रभर भिजवली, गाळली, फवारली.
मुंग्या तिथंच.
ठसका मला लागला, जुना, ओळखीचा,
आणि बोटं आपोआप मोजायला लागली
त्यांची रांग, पंचवीस-पंचवीसच्या जुड्यांत.

रामुलू खुर्चीवरून सांगतो,
चीमा आहे ती, तेलुगूत बोल, मराठीत काय हाकलतेस.
पलीकडून सिद्धव्वा इरुवे म्हणते, मालनबी च्यूंटी.
या घरकुलात शिव्यांना भाषा कमी नाहीत.
मुंग्या एकही न शिकता चालतात.

नळ पाचव्या दिवशी येतो.
पाइप आळ्यात सोडला की
बिळातून पांढरी अंडी तोंडात धरून त्या वर पळतात.
मुंगीला मुताचा पूर, माझी आई म्हणायची.
मी पाइप दुसऱ्या आळ्यात टाकते.
दया वगैरे नाही.
ते वांग्याचं आळं तसंही कोरडंच असतं.

भेंडी गेली तर गेली. सीताफळ मात्र माझं.
तीन वर्षांनी यंदा धरलेलं, चौदा फळं,
आणि देठादेठाशी पिठ्या ढेकूण, कापसासारखा.
बिराजदार म्हणाला, खोडाला चिकट पट्टा बांधा,
मुंगी वर गेली नाही की राखण संपली,
मग ढालकिडे येतील आणि जेवतील.
पट्ट्याला काय लावू?
ग्रीस.

ग्रीसचा डबा घरात एकच.
अक्कलकोट रोडचा कारखाना बंद झाला त्या संध्याकाळी
रामुलूनं सायकलला अडकवून आणलेला,
पगाराच्या दोन हप्त्यांऐवजी, किंवा असाच.
अकरा वर्षं खाटेखाली. झाकण कुणी काढलं नाही.
मी मागितला नाही. नुसती खाटेजवळ झाडू मारत राहिले.

तो उठला.
टॉवेलची किनार फाडली, चार बोटं रुंद,
झाकण चमच्यानं उचकटलं,
आणि घरभर तो वास, दोन पाळ्यांचा,
धोट्याच्या खटखटीशिवाय.
खोडाला गुंडाळून त्यानं गाठ मारली,
तुटलेला धागा मागावर जोडतात ती,
इतक्या लवकर की मला दिसलीच नाही.
दाखव म्हणाले. म्हणाला, बोटांना विचार, मला येत नाही सांगता.

दोन दिवस मुंग्या पट्ट्याखाली गोल फिरल्या.
तिसऱ्या दिवशी फळांवर पुन्हा हजर.
खोड स्वच्छ. पट्टा जागच्या जागी.
दुपारभर मी उन्हात उभी, एकेचाळीस डिग्रीत,
कुठून, कुठून ह्या बायका कुठून येतात.

मग दिसलं.
कपड्यांची दोरी. खिडकीच्या गजापासून फांदीपर्यंत,
मीच बांधलेली.
त्याच्या बनियनवरून, माझ्या परकराच्या नाडीवरून,
शिस्तीत, एकीमागे एक,
जणू हा पूल महापालिकेनं त्यांच्यासाठीच मंजूर केला.

रामुलू इतका हसला की त्याला धाप लागली.
मी दोरी सोडली. धुणं आता कुंपणावर वाळतं
आणि त्यावर बाभळीचे काटे.

ढालकिडे आले. सगळे नाही, पाच-सहा.
बारा फळं बरी आहेत, एक काळं पडलं.
चौदाव्यानं काल डोळे उघडले, झाडावरच,
आणि आतून दोन मुंग्या बाहेर आल्या, सावकाश,
पट्टा बांधायच्या आधीपासून राहणाऱ्या.